पंधरा चोऱ्यांचा विजेता

१९५० सालच्या अमेरिकन बेसबॉलच्या तक्त्यात एक आकडा आहे, तो पहिल्यांदा वाचताना छपाईची चूक वाटते. त्या वर्षी अमेरिकन लीगमध्ये सगळ्यात जास्त बेस चोरले ते बोस्टन रेड सॉक्सच्या डॉम डिमॅजिओनं. किती? पंधरा. हंगाम १५४ सामन्यांचा, म्हणजे दहा सामन्यांमागे जेमतेम एक चोरी, आणि एवढ्यावर गडी लीगमध्ये पहिला. इतक्या कमी आकड्यावर पूर्ण हंगामात अव्वल ठरलेला खेळाडू त्याच्या आधी कुणी नव्हता, नंतरही झाला नाही. (२०२० साली करोनामुळे हंगाम साठ सामन्यांवर आला, तेव्हा नॅशनल लीगचा पहिला खेळाडूही पंधरावरच थांबला, पण तिथं सामनेच साठ.)

त्याच्या ३५ वर्षं आधी, १९१५ मध्ये, डेट्रॉइटच्या टाय कॉबनं एका हंगामात ९६ बेस चोरले होते. आणि डिमॅजिओनंतर अवघ्या बारा वर्षांनी लॉस एंजेलिस डॉजर्सच्या मॉरी विल्सनं १०४ चोरले. मैदान तेच, बेसमधलं अंतर तेच, माणसाचे पायही तेच. मग मधल्या काळात पळणाऱ्यांना झालं काय?

आधी ही चोरी म्हणजे नेमकं काय, ते पाहू. आपल्या कवठे महांकाळकडच्या माणसाला ती समजून घ्यायला शाळेच्या मैदानावर फक्कीनं आखलेलं खो-खोचं मैदान पुरतं. त्याची लांबी २७ मीटर. बेसबॉलमध्ये एका बेसपासून दुसऱ्या बेसपर्यंतचं अंतर ९० फूट, म्हणजे २७.४ मीटर. म्हणजे खो-खोच्या मैदानाच्या एका टोकाच्या रेषेवर पहिला बेस ठेवला, तर दुसरा बेस दुसऱ्या टोकाच्या रेषेला लागून येईल. असे चार बेस चौकोनात. फलंदाज चेंडू मारून पहिल्या बेसवर पोचतो आणि तिथं थांबतो. पुढचा फलंदाज खेळायला उभा राहतो. त्यानं चांगला फटका मारला की पहिल्यावरचा माणूस पुढं सरकतो, ही झाली सरळ रीत. चोरी म्हणजे फटक्याची वाटच पाहायची नाही. पिचर चेंडू टाकायच्या तयारीला लागला की दुसऱ्या बेसकडे सुटायचं. फलंदाजामागं बसलेला कॅचर चेंडू झेलून दुसऱ्या बेसवर फेकतो, आणि तिथला खेळाडू चेंडू हातात घेऊन, पळणारा बेसला लागायच्या आत त्याला शिवतो किंवा शिवू शकत नाही.

वेळेचा हिशोब मांडला की गंमत कळते. पिचरनं हालचाल सुरू केल्यापासून चेंडू कॅचरच्या हातमोज्यात पडेपर्यंत साधारण १.३ सेकंद जातात. कॅचरनं तो काढून दुसऱ्या बेसवर पोचवायला आणखी सुमारे दोन सेकंद. एकूण ३.३. पळणारा आधीच बेस सोडून तीन-चार मीटर पुढं सरकून उभा असतो, त्यामुळं त्याला २३-२४ मीटर काटायचे असतात. तेवढ्यात काटायचे आणि वर शेवटी घसरत जाऊन बेसवर थांबायचंही. वेगात पुढं निघून गेला, बेस सुटला आणि तेवढ्यात कुणी शिवलं, की बाद. शालेय स्पर्धांमध्ये सॉफ्टबॉल खेळलेल्या मुलामुलींना यातलं बरंचसं ठाऊक असतं. फक्त सॉफ्टबॉलमध्ये चेंडू पिचरच्या हातातून सुटेपर्यंत बेस सोडता येत नाही. बेसबॉलमध्ये येतो, आणि सगळा खेळ तिथंच सुरू होतो.

कारण बेस सोडून पुढं उभ्या राहिलेल्या माणसाला पिचर कधीही वळून पकडू शकतो. होम प्लेटकडे, म्हणजे फलंदाज उभा असतो त्या चौथ्या बेसकडे, टाकायच्या ऐवजी त्यानं चेंडू पहिल्या बेसकडे फेकला आणि पळणारा वेळेत परतला नाही, तर तो संपला. पण पिचरवरही एक बंधन आहे. फलंदाजाकडे चेंडू टाकण्याची हालचाल एकदा सुरू केली की ती मोडून बेसकडे वळता येत नाही. वळला तर तो नियमभंग, आणि पळणाऱ्यांना एक-एक बेस फुकट मिळतो. खो-खो खेळलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. पाठलाग करणाऱ्यानं एकदा दिशा घेतली की त्याला मागं फिरता येत नाही, खांबापर्यंत जावं लागतं, नाहीतर बसलेल्या गड्याला खो द्यावा लागतो. संरक्षण करणारा जगतो तो या बंधनावरच. तो समोरच्याच्या खांद्याकडे बघत असतो, की हा कुठं वळला, कधी अडकला. बेस चोरणाराही पिचरच्या खांद्याकडे, टाचेकडे, गुडघ्याकडे बघत असतो. समोरचा नियमानं बांधला गेला तो क्षण ज्याला आधी दिसतो, तो जिंकतो. म्हणून जाणकार म्हणतात की चोरी कॅचरच्या हातावर होत नसते, पिचरच्या पायावर होत असते. नुसता वेगवान माणूस इथं फार काळ टिकत नाही.

आता पुन्हा पंधराकडे. डॉम डिमॅजिओ हळू होता का? मुळीच नाही. त्या वर्षी त्यानं ११ ट्रिपल, म्हणजे एका फटक्यात तिसऱ्या बेसपर्यंत पोचवणारे फटके मारले होते आणि १३१ धावा काढून लीगमध्ये पहिला नंबर घेतला होता. तो पळत नव्हता, कारण त्याला पळायची गरज नव्हती. १९५०च्या रेड सॉक्स संघाची फलंदाजीची सरासरी होती .३०२, आणि संघानं हंगामात १,०२७ धावा कुटल्या होत्या. डिमॅजिओच्या मागून फलंदाजीला येणार टेड विल्यम्स, व्हर्न स्टीफन्स आणि वॉल्ट ड्रॉपो. यांतल्या स्टीफन्स आणि ड्रॉपो या दोघांनी प्रत्येकी १४४ धावा आपल्या फटक्यांवर संघाला मिळवून दिल्या. असले हत्ती मागं उभे असताना पहिल्या बेसवरच्या माणसानं दुसऱ्या बेससाठी जीव धोक्यात घालणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. होमरन, म्हणजे चेंडू थेट मैदानाबाहेर घालवणारा फटका, बसला तर पहिल्यावरचा माणूसही घरी येतो आणि दुसऱ्यावरचाही.

होमरनचं हे राज्य सुरू झालं १९२० पासून. त्या वर्षी बेब रूथनं एकट्यानं ५४ होमरन मारले. आदल्या वर्षी २९ मारून त्यानं विक्रम केला होता, त्याच्या जवळजवळ दुप्पट. मळलेला, मऊ पडलेला चेंडू शेवटपर्यंत वापरायची जुनी पद्धत मागं पडली, स्वच्छ आणि टणक चेंडू आला, आणि एक-एक बेस कष्टानं मिळवायचा टाय कॉबच्या काळचा खेळ हळूहळू विझत गेला. प्रशिक्षकांनी पळणाऱ्यांना बेसवर बसवून ठेवलं.

तो हिशोब चुकीचाही नव्हता. आजच्या काळातल्या सरासरीनं पाहिलं तर एकही बाद नसताना पहिल्या बेसवर माणूस असला की त्या डावात पुढं साधारण ०.८५ धावा अपेक्षित धरतात. तोच दुसऱ्यावर पोचला की १.१. आणि चोरताना सापडला, म्हणजे एक बाद आणि बेस रिकामे, तर उरतात ०.२५. जिंकलं तर पाव धाव पदरात, हरलं तर ०.६ हातची गेली. गणित करून पाहा: दहांत सात वेळा यश आलं तर जेमतेम बरोबरी. सातांच्या खाली आलात तर तुम्ही कितीही बेस चोरा, संघाचं नुकसानच करत असता, भले वर्षाअखेर तक्त्यात तुमचं नाव पहिलं असो. कॉबचा १९१५चा आकडा या कसोटीवर लावला की थोडा फिका पडतो. ९६ वेळा तो निसटला, पण ३८ वेळा सापडलाही होता. म्हणजे शंभरात ७१-७२. त्याच्या काळात धावा दुर्मिळ होत्या, एका बेसची किंमत जास्त होती, हे मान्य. तरी पकडला गेल्याचा आकडा शेजारी ठेवल्याशिवाय चोरीचा आकडा वाचू नये, असं मला वाटतं. अडचण एवढीच की नॅशनल लीगमध्ये हा दुसरा आकडा नियमित ठेवायला १९५१ पासूनच सुरुवात झाली.

पण होमरनचं हे कारण निम्मीच गोष्ट सांगतं. १९५० च्याच वर्षी नॅशनल लीगमध्ये पहिला आलेल्या खेळाडूनं ३५ बेस चोरले होते, डिमॅजिओच्या दुपटीहून जास्त. त्याचं नाव सॅम जेथ्रो. तोही बोस्टनचाच, पण बोस्टन ब्रेव्ह्ज या दुसऱ्या संघाचा. एकाच शहरात, एकाच उन्हाळ्यात, दोन लीगचे दोन पहिले चोर; एकाच्या नावावर १५, दुसऱ्याच्या ३५. होमरन दोन्हीकडं तेच, नियमही तेच. फरक होता तो माणसांत, आणि कुणाला मैदानात येऊ दिलं यात.

जेथ्रो कृष्णवर्णीय होता. १९४७ पर्यंत या दोन्ही मोठ्या लीगची दारं कृष्णवर्णीयांना बंद होती. त्यांच्या स्वतंत्र निग्रो लीग होत्या आणि त्या लीगमध्ये पळणं कधी विझलंच नव्हतं. तिथं चोरी होती, हलका फटका मारून पळणं होतं, पिचरला बेजार करणं होतं. जेथ्रो क्लीव्हलंड बकाईजकडून तेच करत वाढला होता. १६ एप्रिल १९४५ रोजी बोस्टनच्या फेनवे पार्कवर, म्हणजे रेड सॉक्सच्या घरच्या मैदानावर, तीन कृष्णवर्णीय खेळाडूंची चाचणी घेण्यात आली. शहराचे एक नगरसेवक इसाडोर मचनिक यांनी दबाव आणला म्हणून ती झाली. त्या तिघांपैकी एक सॅम जेथ्रो, दुसरा मार्विन विल्यम्स आणि तिसरा जॅकी रॉबिन्सन. चाचणी झाली आणि रेड सॉक्सनं तिघांपैकी एकालाही घेतलं नाही. पुढं १९४७ मध्ये रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून उतरला आणि पहिल्याच हंगामात २९ बेस चोरून नॅशनल लीगमध्ये पहिला आला. १९४९ मध्ये ३७ चोरून पुन्हा पहिला. १९५० आणि १९५१ मध्ये जेथ्रो पहिला, दोन्ही वर्षी ३५. म्हणजे पाच वर्षांत चार वेळा नॅशनल लीगच्या तक्त्याच्या शेंड्यावर जी दोन नावं आली, ती दोन्ही रेड सॉक्सच्या मैदानावर येऊन रिकाम्या हातानं परत गेली होती. आणि रेड सॉक्सचा स्वतःचा माणूस पंधरा चोऱ्यांवर दुसऱ्या लीगचा राजा. मोठ्या लीगच्या संघांपैकी कृष्णवर्णीय खेळाडूला सगळ्यांत शेवटी, १९५९ मध्ये, मैदानात उतरवणारा संघही हाच. डिमॅजिओचा त्यात काही दोष नाही. पण तो पंधराचा आकडा मला या गोष्टीशिवाय वाचता येत नाही.

रॉबिन्सनचं पळणं आणखी वेगळं होतं. तो तिसऱ्या बेसवरून थेट होम प्लेट चोरायचा, जिथं चेंडू आधीपासून कॅचरच्याच दिशेनं येत असतो. ज्याला सेकंदांचं गणित कळतं, त्याला हा प्रकार अशक्य वाटावा. कारकिर्दीत नियमित हंगामांमध्ये त्यानं हे १९ वेळा करून दाखवलं. शिवाय २८ सप्टेंबर १९५५ रोजी, दोन्ही लीगच्या विजेत्यांमधल्या वर्ल्ड सीरिजच्या पहिल्याच सामन्यात, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी यांकीजच्या योगी बेराच्या हातून त्यानं होम प्लेट चोरली. पंचांनी नाबाद दिल्यावर बेरा तिथंच थयथयाट करू लागला, आणि तो अखेरपर्यंत म्हणत राहिला की रॉबिन्सन बाद होता.

रॉबिन्सनच्या त्या पहिल्या हंगामाच्या शेवटी-शेवटी इकडं भारताचा क्रिकेट संघ ऑस्ट्रेलियाच्या वाटेवर होता. त्या संघात सांगलीत जन्मलेले विजय हजारे होते. १३ डिसेंबर १९४७ रोजी सिडनीच्या कसोटीत विनू मंकड गोलंदाजीला आले आणि चेंडू सुटायच्या आधीच क्रीज सोडून पुढं गेलेल्या बिल ब्राऊनला त्यांनी धावबाद केलं. दौऱ्यात याआधीच्या एका सामन्यात ब्राऊनला ताकीदही देऊन झाली होती. तरी बोभाटा झाला तो मंकड यांच्या नावानं, आणि त्या तऱ्हेनं बाद करण्याला त्यांचं नाव चिकटवून क्रिकेटनं ते सत्तर वर्षं शिवीसारखं वापरलं. डॉन ब्रॅडमन स्वतः प्रतिस्पर्धी कर्णधार होते, त्यांनी मात्र आपल्या आत्मचरित्रात मंकड यांची बाजू घेतली. बेसबॉलवाल्याला हे प्रकरण समजावून सांगा, त्याला काही कळणारच नाही. त्याच्या खेळात जागा चोरणारा चोरणार, पिचर वळून फेकणार, एका डावात पाच-पाच वेळा फेकणार, आणि कुणाचीच अब्रू जाणार नाही. क्रिकेटनं क्रीज चोरणाऱ्याला सभ्य आणि पकडणाऱ्याला असभ्य ठरवलं, हा उफराटा न्याय मला कधीच पटला नाही. २०२२ मध्ये क्रिकेटच्या नियमावलीत हे कलम 'अनुचित खेळ' या भागातून काढून साध्या धावबादच्या नियमात घातलं, हे उशिरा का होईना बरं झालं.

पन्नासच्या दशकात अमेरिकन लीगही जागी झाली, आणि तीही बाहेरून आलेल्या माणसांमुळं. क्युबाचा मिनी मिन्योसो १९५१ ते १९५३ सलग तीन वर्षं पहिला. पहिल्या वर्षी ३१, मग २२, मग २५. आकडे मोठे नव्हते, पण पंधराची नामुष्की संपली. नॅशनल लीगमध्ये जेथ्रोनंतर पी वी रीस आणि मग ब्रेव्ह्जचाच बिल ब्रुटन. मग विली मेज. १९५६ मध्ये त्यानं ४० बेस चोरले आणि ३६ होमरनही मारले. एकाच हंगामात दोन्ही आकडे तिसाच्या पलीकडं नेणारा नॅशनल लीगमधला तो पहिला. होमरन मारणारा पळत नाही, हा समज त्यानं मोडला. चार वर्षं सलग तो पहिला राहिला.

त्याच १९५६ मध्ये शिकागो व्हाइट सॉक्सकडं व्हेनेझुएलाचा लुईस आपारिसियो आला. पहिल्याच वर्षी २१ चोऱ्या करून अमेरिकन लीगमध्ये पहिला, आणि मग सलग नऊ वर्षं, १९६४ पर्यंत, त्यानं ती जागा सोडलीच नाही. १९५९ मध्ये त्यानं ५६ बेस चोरले. त्या वर्षीच्या व्हाइट सॉक्सकडं होमरन मारणारे फारसे नव्हते. ते पळून, गोलंदाजीवर आणि क्षेत्ररक्षणावर सामने जिंकत गेले आणि ४० वर्षांनी लीगचे विजेते झाले. पळण्याचा हिशोब परत जुळू लागला होता. गंमत म्हणजे आपल्याकडं खो-खोची पहिली राष्ट्रीय स्पर्धा विजयवाड्याला भरली तो हंगामही १९५९-६० चाच.

मॉरी विल्स मात्र यांच्यापैकी कुणासारखा नव्हता. आठ वर्षं तो खालच्या लीगमध्ये घासत होता. डॉजर्सनं त्याला वर आणलं तेव्हा तो २६ वर्षांचा होता, आणि होमरन मारण्याइतकी ताकद त्याच्या अंगात नव्हती. त्यानं पळणं हाच धंदा केला. पिचरच्या सवयी तो डोक्यात टिपून ठेवायचा: कोण बेसकडे फेकायच्या आधी मान कशी वळवतो, कुणाची टाच कधी उचलते. १९६० मध्ये त्यानं ५० चोरले. नॅशनल लीगमध्ये १९२३ नंतर कुणाला पन्नास गाठता आले नव्हते. आणि मग आला १९६२चा हंगाम.

त्या वर्षी विल्सनं ११७ वेळा प्रयत्न केला, १०४ वेळा तो सुटला आणि फक्त १३ वेळा सापडला. शंभरात ८९. कॉबच्या ७२ शेजारी हा आकडा ठेवा. त्या हंगामात मोठ्या लीगमधल्या बाकी कुठल्याही अख्ख्या संघाला मिळूनही १०४ बेस चोरता आले नाहीत. रोज घसरून-घसरून त्याच्या मांड्यांची कातडी सोलून निघालेली असायची, पायाला पट्ट्या बांधलेल्या असायच्या. कॉबचा ९६चा विक्रम मोडला तो २३ सप्टेंबरला, डॉजर्सच्या १५६व्या सामन्यात. कॉबलाही १९१५ मध्ये १५६च सामने लागले होते, त्यामुळं जास्त सामने खेळायला मिळाले म्हणून विक्रम झाला असं म्हणायची सोय उरली नाही. वर्षाअखेर नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून विली मेजला मागं टाकून विल्सची निवड झाली.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये डॉजर्स सॅन फ्रान्सिस्कोला जायंट्सशी खेळायला गेले, तेव्हाचा एक किस्सा आपल्याकडच्या वाचकाला मुद्दाम सांगावासा वाटतो. आपल्याकडं कबड्डी-खो-खोच्या सामन्याआधी मैदानावर पाणी मारतात, रोलर फिरवतात. धूळ बसते, पाय घट्ट रोवता येतो. कवठे महांकाळसारख्या तालुक्यात, जिथं अग्रणी नदी वर्षाचा बराच काळ कोरडी असते आणि म्हैसाळ योजनेचं पाणी कधी सुटतंय याकडं शेतकऱ्यांचे डोळे लागलेले असतात, तिथं मैदानासाठी पाणी आणणं हाच एक पराक्रम. जायंट्सच्या माळ्यांनी मात्र पहिल्या बेसजवळची, विल्स जिथून सुटायचा बरोबर तेवढीच जागा खणून, वाळू मिसळून, पाण्यानं भिजवून चिखल करून ठेवला. डॉजर्सनी तक्रार केली तेव्हा पंचांनी ती वाळू काढायला लावली. माळ्यांनी ती हातगाड्यांत भरून नेली, सैल माती घेऊन परत आले आणि पुन्हा पाणी मारलं. विल्स त्या मालिकेत पळूच शकला नाही, आणि तीनही सामने जायंट्सनी जिंकले. हंगामाच्या शेवटी दोन्ही संघ बरोबरीत आले, तीन जादा सामन्यांवर निर्णय झाला आणि लीगचं विजेतेपदही जायंट्सनीच नेलं. एका माणसाच्या पायांसाठी जमीन भिजवावी लागते, यापेक्षा मोठी पावती कुठल्याही तक्त्यात मिळत नाही.

विल्सनंतर दार उघडंच राहिलं. लू ब्रॉकनं १९७४ मध्ये ११८, रिकी हेंडरसननं १९८२ मध्ये १३०. आणि हेंडरसनची कारकिर्दीतली बेरीज १,४०६. मग आकडेमोड करणारे विश्लेषक संघांच्या कचेऱ्यांत आले, दहांत सातचं ते गणित सगळ्यांच्या टेबलावर पोचलं, आणि पळणं पुन्हा आटलं. २०२३ मध्ये लीगनं स्वतःच नियम बदलले. बेसचा आकार १५ इंचांवरून १८ इंच केला, पिचरनं चेंडू किती सेकंदांत टाकायचा यावर घड्याळ लावलं, आणि एका फलंदाजाच्या वेळी बेसकडे किती वेळा फेकायचं यावरही मर्यादा घातली. २०२२ मध्ये सगळ्या संघांच्या मिळून २,४८६ चोऱ्या होत्या, त्या एका वर्षात ३,५०३ झाल्या. खेळाडू तेच, त्यांचे पायही तेच. खो-खोतही २०२२च्या अल्टिमेट खो-खो लीगपासून हेच चाललंय. कुठल्याही दिशेला पळू शकणारा 'वजीर' आला, सूर मारून बाद केलं तर जास्त गुण, आणि ठराविक वेळेपलीकडं टिकलेल्या तुकडीला बोनस. आधी संरक्षण करणाऱ्याला टिकल्याचे गुण नव्हते, प्रतिस्पर्ध्याला नाकारल्याचं समाधान होतं. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला, त्यात पुरुष आणि महिला दोन्ही गटांत भारत जिंकला आणि दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे होते.

मराठी वर्तमानपत्रं खो-खोच्या बातमीत नावापुढं कंसात मिनिटं-सेकंदांचं संरक्षण आणि टिपलेले गडी छापतात. मला ती एक ओळ फार आवडते. कोण किती टिकला आणि त्यानं किती पकडले, दोन्ही बाजू एका दमात. बेसबॉललाही पकडले गेल्याचा आकडा शेजारी छापायला किती वर्षं लागली ते वर आलंच आहे. पण आपली ती मिनिटं दुसऱ्या दिवशी रद्दीत जातात. पन्नासच्या दशकात तालुक्या-जिल्ह्यांच्या मैदानांवर कोण किती मिनिटं पळाला, याचा तक्ता कुणी बांधून ठेवला नाही. निग्रो लीगचंही बरंचसं असंच झालं. सामने झाले, पण सगळ्यांचे गुणतक्ते छापले गेले नाहीत. २०२० मध्ये मोठ्या लीगनं त्या लीगना बरोबरीचा दर्जा दिला आणि २०२४ मध्ये त्यांचे मिळाले तेवढे आकडे अधिकृत नोंदीत घेतले.

सॅम जेथ्रोच्या हयातीत हे झालं नाही. १९५० मध्ये तिशी ओलांडल्यावर त्याला नॅशनल लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरवलं गेलं, आणि तो मान मिळवणारा सगळ्यांत वयस्कर खेळाडू आजही तोच आहे. मोठ्या लीगमध्ये त्याला तीन पूर्ण हंगाम आणि १९५४ मध्ये दोन सामने मिळाले; एकूण ९८ चोऱ्या. निवृत्तिवेतनासाठी तेव्हा चार वर्षांची सेवा लागायची, ती भरली नाही. निग्रो लीगमधली वर्षं धरायची सोयच नव्हती. उतारवयात तो लीगविरुद्ध न्यायालयात गेला. दावा फार उशिरा केला, या कारणावरून १९९६ मध्ये तो फेटाळला गेला. पुढच्या वर्षी मात्र लीगनं जेथ्रोसह अशा जुन्या कृष्णवर्णीय खेळाडूंना वर्षाला साडेसात ते दहा हजार डॉलर द्यायचं जाहीर केलं. २००१ मध्ये तो वारला, तोवर ते पैसे त्याला मिळत होते.